काम हातांचे, ताण हृदयावर

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही आज एका नौकाशर्यतीविषयी सांगतो. अमेरिका करंडकाची २०१७ सालची अंतिम लढत बर्म्युडा येथे झाली. त्या जोडनौका पाण्याखालच्या पंखांवर उचलल्या जाऊन जणू उडत धावत होत्या. पंख व शीड हलवायला लागणारा तेलाचा दाब तेव्हा खलाशांनी अंगबळाने निर्माण करायचा होता. गतविजेत्या अमेरिकन संघाचे खलाशी मुख्यतः हातांनी दांडे फिरवीत होते. न्यूझीलंडचे चौघे मात्र सायकलसारखी पायडले मारीत होते. न्यूझीलंडने ७-१ अशी बाजी मारली. नौकेची घडण, कौशल्य हीही कारणे होतीच. पण डॉक्टर म्हणून मला पायांचे महत्त्व अधिक वाटते.

मांडीचे स्नायू दंडापेक्षा मोठे. तेवढेच काम हातांनी केले तर नाडी व रक्तदाब जास्त वाढतात, दमही लवकर लागतो. म्हणूनच सपाट रस्त्याने आरामात चालणाऱ्या एखाद्याला हातपंप मारताना किंवा कापसाचे गाठोडे उचलताना छातीत आवळल्यासारखे होते. थांबले की बरे वाटते, म्हणून तो ‘गॅस’ समजून गप्प बसतो. असे रुग्ण मी नेहमी पाहतो. वाचकहो, हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. लगेच तपासून घ्या. विश्रांतीनेही दुखणे थांबेना, घाम सुटला, तर क्षणभरही न दवडता रुग्णालय गाठा.

आणि ओझे उचलताना कंबरेत वाकू नका, श्वास रोखू नका. गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उठा.