कानांत मावणारें दालन

मनुष्यास दोन कान कां आहेत, असा प्रश्न विचारला असतां 'एक निकामी झाला तर दुसरा असावा म्हणून' असें उत्तर पुष्कळ जण देतात. हें उत्तर अपुरें आहे. एखाद्या मित्रास डोळे मिटून खोलीच्या मध्यभागीं बसवावें, आणि दुसऱ्यानें निरनिराळ्या कोपऱ्यांतून किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. बसलेला मित्र बहुधा अचूक दिशेस बोट दाखवील. मग त्याचा एक कान घट्ट बंद करून तोच प्रयोग पुन्हा करावा. आतां त्याचें बोट भलतीकडे जाऊं लागेल. ध्वनि ऐकण्यास एक कान पुरतो. तो कोठून आला हें नीट कळण्यास दोन लागतात. या साध्या गोष्टीवर संगीताच्या क्षेत्रांतील एक नवी विद्या उभी आहे, आणि तिचीच ओळख आम्ही आमच्या विद्यार्थी व पालक वाचकांस प्रस्तुत लेखांत करून देणार आहों.

हल्लीं अनेक विद्यार्थी घरच्या संगणकावर स्वतःचें गाणें मुद्रित करितात आणि हेडफोन लावून त्यावर संस्कार करितात. रात्रीं हेडफोनमध्यें गोड वाटलेलें तेंच गाणें दुसऱ्या दिवशीं सभागृहांतील स्पीकरवर लावावें, तों तबला गायकाच्या डोक्यावर बसलेला आणि शब्द बुडालेले! श्रम वायां जातात व उत्साह मावळतो. असें कां होतें, आणि त्यावर उपाय कोणता, हा आमचा विषय आहे.

प्रथम कानांचें कार्य पाहूं. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०७ सालीं दाखवून दिलें कीं, दिशा ओळखण्यासाठीं आपण दोन खुणांचा आधार घेतों. पहिली खूण वेळेची. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर वेगानें धांवतो. म्हणून उजवीकडून आलेला ध्वनि डाव्या कानीं किंचित् उशिरां पोंचतो. हा उशीर जास्तींत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचा दोन तृतीयांश एवढाच असतो, तरी मेंदू तो टिपतो. दुसरी खूण मोठेपणाची. उंच स्वरांस आपलें डोकें आडवें येतें व पलीकडील कान जणूं त्याच्या सावलींत राहतो. खालचे स्वर मात्र डोक्यास वळसा घालून पलीकडे जातात. याखेरीज कानाच्या पाळीचे व वळ्यांचे कामही मोठें आहे. ध्वनि पुढून आला कीं मागून, वरून आला कीं खालून, त्याप्रमाणें या वळ्या त्याच्या रंगांत सूक्ष्म फरक करितात. प्रत्येकाचा मेंदू आपल्याच कानांची ही भाषा बालपणापासून शिकलेला असतो.

आतां संगीताच्या मिश्रणाकडे वळूं. ध्वनिमुद्रणाच्या वेळीं गायक, तबला, तंबोरा, पेटी यांचे आवाज बहुधा वेगवेगळे टिपलेले असतात. त्यांपैकीं कोणता किती मोठा ठेवावा, कोणता डावीकडे व कोणता उजवीकडे बसवावा, कोणास किती घुमारा द्यावा, हें ठरविण्याच्या कामास मिक्सिंग म्हणतात. स्वयंपाकांत जें काम मिठाचें व फोडणीचें, तेंच गाण्यांत या मिश्रणाचें. जिन्नस उत्तम असूनही प्रमाण बिघडल्यास पान वाढतां येत नाहीं.

हें काम परंपरेनें दोन स्पीकरांसमोर बसून करितात. दोन स्पीकर व ऐकणाऱ्याचें डोकें मिळून एक समभुज त्रिकोण होतो. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. डाव्या स्पीकरचा आवाज केवळ डाव्याच कानांत जातो असें नाहीं. तो उजव्या कानांतही जातो, मात्र सेकंदाच्या सुमारें एक चतुर्थ सहस्रांशानें उशिरां व थोडा मंद होऊन. उजव्या स्पीकरचेंही तसेंच. या देवघेवींतून एक चमत्कार घडतो : दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज सारख्या प्रमाणांत सोडला असतां, जेथें कांहींच ठेवलेलें नाहीं अशा मधल्या जागीं गायक उभा असल्याचा भास होतो. अॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं या पद्धतीचा पेटंट-अर्ज केला, आणि १९३४ सालीं लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओंत टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाचें मुद्रण तिच्यानुसार करून पाहिलें.

परंतु स्पीकर म्हटला कीं खोली आलीच. भिंतींवरून परतलेला आवाज मूळ आवाजांत मिसळतो. खालच्या स्वरांचा खोडकरपणा तर विशेषच. समजा, दोन समोरासमोरच्या भिंतींत ४ मीटर अंतर आहे. सेकंदास सुमारें ४३ कंपनें असलेला स्वर अशा खोलींत भिंतींपाशीं फुगतो आणि बरोबर मध्यभागीं जवळजवळ नाहींसा होतो. तेथें बसलेला मिश्रणकार 'खर्ज कमी पडला' असें समजून तो वाढवितो, आणि तेंच गाणें दुसरीकडे ढबढब वाजूं लागतें. म्हणून चांगल्या स्टुडिओंत भिंती, छत व जमीन यांच्या रचनेवर मोठा खर्च करितात. चाळीच्या किंवा लहान सदनिकेच्या एका खोलींत हें कसें साधावें? शिवाय रात्रीं मोठ्यानें स्पीकर लावला तर शेजारी काय म्हणतील, हा प्रश्न आहेच. म्हणून विद्यार्थी हेडफोनचा आश्रय घेतो, आणि तो योग्यच आहे.

पण हेडफोनमध्यें त्रिकोण नाहीं आणि खोलीही नाहीं. डावीकडचा आवाज केवळ डाव्या कानांत आणि उजवीकडचा केवळ उजव्या कानांत कोंडला जातो. मेंदूस सवयीच्या खुणा मिळत नाहींत, म्हणून गायक समोर उभा न राहतां आपल्या कवटीच्या आंत गात आहे असें वाटतें. एका बाजूस ठेवलेली पेटी कानाशींच चिकटते. ती अति दूर गेली असें समजून मिश्रणकार तिला मध्याकडे ओढतो, आणि मग स्पीकरवर सर्व वाद्यें एका जागीं दाटी करितात. भिंतींचा प्रतिध्वनि नसल्यामुळें बारीकसारीक घुमाराही स्पष्ट ऐकूं येतो, आणि किती घालावा याचा अंदाज चुकतो. शिवाय प्रत्येक हेडफोनचा स्वतःचा रंग असतो. कोणी खर्ज फुगवितो, कोणी उंच स्वर टोंचरे करितो.

यावरील पहिला उपाय साधा होता. बेंजामिन बावर या अमेरिकेंतील अभियंत्यानें १९६१ सालीं असा विद्युत्-मार्ग सुचविला कीं, ज्यांतून डाव्या बाजूचा थोडा आवाज, किंचित् उशीर करून व उंच स्वर कमी करून, उजव्या कानाकडे पाठवावा आणि उजव्याचा डाव्याकडे. स्पीकरांसमोर डोकें जें काम आपोआप करितें, तेंच येथें तारांकडून करून घेतलें. त्यामुळें कानांवरील ताण हलका होतो. परंतु गायक डोक्याबाहेर येऊन समोर उभा राहण्यास एवढें पुरत नाहीं. त्यासाठीं कानाच्या वळ्या पाहिजेत आणि खोली पाहिजे.

वळ्यांचा प्रश्न शास्त्रज्ञांनीं पुतळ्यांकडून सोडविला. मानवी आकाराचें डोकें, त्यास हुबेहूब कान, आणि कानांच्या आंत मायक्रोफोन! जर्मनींतील नॉयमन कंपनीनें १९७३ सालीं असें डोकें बाजारांत आणलें. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९९४ सालीं 'केमार' नांवाच्या पुतळ्याभोंवतीं ७१० ठिकाणांहून ध्वनि सोडून, प्रत्येक दिशेचा ध्वनि कानांत शिरतांना कसा बदलतो याची मोजणी झाली व ती सर्वांस खुली करण्यांत आली.

राहिली खोली. रिकाम्या दिवाणखान्यांत एकच टाळी वाजवून पाहावी. टाळी क्षणांत संपते, पण तिच्यामागून भिंती, छत, दारें-खिडक्या आपआपलें उत्तर देतात. तें उत्तर म्हणजे त्या खोलीच्या अंगठ्याचा ठसाच होय. शास्त्रज्ञ टाळीऐवजीं खर्जापासून अतितार स्वरापर्यंत चढत जाणारा एक लांब सूर सोडतात आणि त्यावरून हा ठसा गणितानें काढितात. या पद्धतीचा एक सुधारलेला प्रकार इटलीच्या अँजेलो फरीना यांनीं २००० सालीं मांडला. स्टुडिओंतील मिश्रणकाराच्या खुर्चीवर पुतळ्याचें डोकें ठेविलें म्हणजे एकूण चार ठसे मिळतात : डाव्या स्पीकरपासून दोन्ही कानांपर्यंतचे दोन, आणि उजव्यापासूनचे दोन.

आतां शेवटची पायरी. सीडीवर एका सेकंदाचा ध्वनि प्रत्येक बाजूस ४४,१०० आंकड्यांनीं लिहिलेला असतो. संगणक यांतील प्रत्येक आंकडा ही एक चिमुकली टाळी समजतो. तिच्यामागें खोलीच्या उत्तराची पूर्ण शेपटी जोडतो. आणि अशा हजारों शेपट्यांची बेरीज क्षणोक्षणीं कानांकडे पाठवितो. परिणाम असा कीं, हेडफोन कानांवर असूनही समोर दोन स्पीकर ठेवलेल्या दालनांत आपण बसलों आहों असा भास होतो. या भासांत एक उणीव राहते. खऱ्या खोलींत आपण मान वळविली तरी स्पीकर जागचे हलत नाहींत. हेडफोनमध्यें मात्र सारें दालन मानेबरोबर फिरतें. म्हणून 'वेव्हज् एनएक्स' सारख्या साधनांत कॅमेऱ्यानें किंवा हेडफोनवर बसविलेल्या लहान यंत्रानें मानेची हालचाल टिपून दालन जागच्या जागीं ठेवण्याची सोय आहे. याच कंपनीच्या दुसऱ्या एका साधनांत अॅबी रोडच्या तिसऱ्या स्टुडिओंतील नियंत्रण-कक्षाची प्रतिकृति आहे. ब्लमलाइननें ज्या वास्तूंत दोन कानांची विद्या आजमावली, तिचेंच एक दालन आज विद्यार्थ्याच्या कानांत मावूं शकतें!

तथापि या विद्येची मर्यादा न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. पुतळ्याचे कान म्हणजे आपले कान नव्हेत. वाइटमन व किस्लर या अमेरिकन संशोधकांनीं १९८९ सालीं ऐकणाऱ्याच्या स्वतःच्याच कानांची मोजणी वापरली, तेव्हां हेडफोनमधील दिशा व खऱ्या स्पीकरच्या दिशा यांत फारच थोडा भेद उरला. पुढें १९९३ सालीं वेन्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्याच्या कानांची मोजणी वापरून पाहिली. तेव्हां डावें-उजवें बरेंचसें ठीक कळलें, परंतु पुढचें-मागचें ओळखण्यांत घोटाळे वाढले. उसना चष्मा घातल्यासारखेंच हें आहे. म्हणून एकाच साधनानें एकास समोर दालन उभें दिसतें, तर दुसऱ्यास केवळ आवाज बदलल्यासारखा वाटतो. विकत घेण्यापूर्वीं स्वतःच्या कानांनीं परीक्षा करावी, हेंच पालकांस आमचें सांगणें आहे.

ज्यांस हें साधन वापरावयाचें असेल त्यांनीं चार नियम पाळावे. पहिला : ज्यांचें मिश्रण उत्तम झालें आहे अशीं आपल्या परिचयाचीं गाणीं प्रथम त्या काल्पनिक दालनांत पुष्कळ वेळां ऐकावीं, दालनाचा स्वभाव कळल्याशिवाय निवाडा करूं नये. दुसरा : एकच दालन निवडून त्याच्याशीं सलगी करावी, रोज नवें दालन बदलणारास कोठेंच घर मिळत नाहीं. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा : गाणें पूर्ण करून बाहेर काढतांना हा भास बंद करावा. तो केवळ मिश्रणकाराच्या कानांसाठीं आहे. तो गाण्यांतच मुद्रित झाला तर ऐकणाऱ्याच्या खऱ्या खोलींत दुसरी खोटी खोली घुसेल. चवथा : शेवटीं तें गाणें मोबाइलच्या लहान स्पीकरवर, घरच्या टीव्हीवर, मित्राच्या खोलींत, असें निदान तीन ठिकाणीं ऐकावें.

पालकांसाठीं एक इशारा. खोली काल्पनिक असली तरी कानाच्या पडद्यावरील दाब खरा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाबरोबर जें मानक प्रसिद्ध केलें, त्यांत प्रौढांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांसाठीं तितकाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज ३ डेसिबलनें वाढविला कीं सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणून आवाज बेताचा ठेवावा आणि मधून मधून कानांस विश्रांति द्यावी. झिजलेले कान कोणतेंही साधन परत देऊं शकत नाहीं.

शेवटीं एक विचार मांडून हा लेख पुरा करितों. आपलें गाणें आपल्याला गोडच लागतें. 'आपला तो बाब्या' ही म्हण संगीतासही लागू आहे. परंतु गाणें एका कवटीच्या आंत गाजून भागत नाहीं. तें दुसऱ्याच्या घरीं, दुसऱ्याच्या कानीं नीट पोंचलें तरच सार्थक. या साऱ्या गणिताचा व यंत्रांचा हेतु एवढाच कीं, एकट्यानें रात्रीं काम करणाऱ्या मुलास क्षणभर दुसऱ्याच्या जागीं बसून स्वतःस ऐकतां यावें. ही संवय ज्यास जडली, त्यास ती गाण्याबाहेरही, बोलतांना व लिहितांना, उपयोगी पडल्याशिवाय राहणार नाहीं.