सार्वजनिक कार्यक्रमाचा मंडप आणि महापालिकेची परवानगी

सार्वजनिक कार्यक्रम म्हटला की मंडप आला, व्यासपीठ आले, वीज आली आणि ध्वनिक्षेपकही आला. वर्गणी गोळा होते, वक्ते ठरतात, पत्रिका छापून होतात. आणि आठवडा उरला असताना कुणाला तरी परवानगीची आठवण होते. मग एक कार्यकर्ता वॉर्ड ऑफिसला धावतो, दुसरा पोलीस ठाण्यात. "दरवर्षी इथेच मंडप घालतो, कागद कशाला हवा?" असे विचारणारेही असतात. या प्रश्नाचे उत्तर सभासदांना, विशेषतः विद्यार्थी कार्यकर्त्यांना मिळावे, या हेतूने मुंबई शहर डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती देत आहे.

कायदा काय सांगतो?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१२ नुसार रस्त्यावर अडथळा होईल असे काहीही उभारण्यास मनाई आहे. असे काही उभारले गेलेच, तर कलम ३१४ प्रमाणे आयुक्त ते नोटीस न देताही हटवू शकतात. कलम ३१७ मध्ये मात्र सवलत आहे. सण-समारंभाच्या प्रसंगी, पोलीस आयुक्तांच्या सहमतीने, महापालिका आयुक्त रस्त्यावर तात्पुरता मंडप घालण्यास लेखी परवानगी देऊ शकतात. राज्यातील इतर महानगरपालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ आहे. त्यात हीच तरतूद कलम २३४ मध्ये आहे.

या तरतुदीतील तीन शब्द कार्यकर्त्यांनी पक्के ध्यानात ठेवावेत. पहिला शब्द 'तात्पुरता'. मुदत संपताच मंडप उतरवायचा आणि बांबूंसाठी खणलेले खड्डे बुजवून रस्ता पूर्ववत करून द्यायचा. दुसरा शब्द 'सहमती'. महापालिकेने होकार दिला तरी पोलिसांचा होकार लागतोच. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'लेखी'. "घाला मंडप, मी बघतो," हे तोंडी आश्वासन कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. आश्वासन देणारा अधिकारी बदलून गेला की आश्वासनही त्याच्याबरोबर जाते.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली मंडपांच्या प्रश्नावर आदेश देताना स्पष्ट केले की, रस्ते व पदपथ अडवून मंडप घालण्याचा हक्क धर्मस्वातंत्र्यातून कुणालाही मिळत नाही. हा नियम सर्व धर्मांना आणि सर्व मंडळांना सारखाच लागू आहे. रस्ता चालणाऱ्याचा आहे, आजाऱ्याला नेणाऱ्या रुग्णवाहिकेचा आहे, आग विझवायला येणाऱ्या बंबाचा आहे. आपण तो काही तासांसाठी मागून घेत असतो. परंतु रीतसर मागण्याचा अधिकारही कायद्यानेच आपल्याला दिला आहे, हे विसरू नये. वस्तीतल्या लहान संस्थेच्या पाठीशी पैसा नसतो, वजनदार माणूस नसतो. ऐन कार्यक्रमाच्या दिवशी कुणी हरकत घेतली, तर शिक्क्याचा कागद हाच तिचा आधार असतो.

अर्ज कसा करावा?

प्रथम जागा कुणाची आहे ते शोधावे. रस्ता वा महापालिकेचे मैदान असेल तर विभाग कार्यालयातील सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज करावा. जागा म्हाडाची, जिल्हाधिकाऱ्यांची, रेल्वेची किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेची असेल तर त्या मालकाचे ना-हरकत पत्र आधी मिळवावे. पुष्कळ अर्ज याच एका मुद्द्यावर अडून पडतात.

अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्ष वा सचिवांच्या सहीने असावा. त्यात कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख व वेळ, मंडप उभारण्याचा व उतरवण्याचा दिवस, अपेक्षित उपस्थिती आणि जबाबदार कार्यकर्त्याचे नाव लिहावे. संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जोडावी. मागील वर्षीची परवानगी असल्यास तिचीही प्रत जोडावी. सोबत हाताने काढलेला का होईना, पण मापांसह नकाशा द्यावा. रस्त्याची रुंदी किती, मंडप किती लांब-रुंद, वाहनांसाठी किती जागा मोकळी राहते, व्यासपीठ कोठे, बाहेर पडण्याचे मार्ग कोठे, हे त्यात दिसले पाहिजे. असा नकाशा जोडलेला असला की जागेची पाहणी लवकर उरकते.

याच अर्जाच्या प्रती स्थानिक पोलीस ठाणे, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांना देऊन त्यांची ना-हरकत मिळवावी. गणेशोत्सव व नवरात्रीच्या मंडपांसाठी मुंबई महापालिका एक खिडकी पद्धतीने संगणकावर अर्ज घेते. इतर कार्यक्रमांसाठी कोणती पद्धत लागू आहे, हे विभाग कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. अर्ज कुठेही दिला तरी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

अटी कशासाठी?

परवानगीच्या मागे छापलेल्या अटी बहुधा कुणी वाचत नाही. त्या का घातल्या जातात, हे समजण्यासाठी एक घटना पुरेशी आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली या गावी एका शाळेचा बक्षीस समारंभ चालू होता. मंडपाचे कापड कृत्रिम धाग्याचे होते. आग लागली, पेटते कापड लोकांच्या अंगावर कोसळले, बाहेर पडायला वाट अपुरी होती. काही मिनिटांत चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत बहुतेक लहान मुले व स्त्रिया होत्या. ही मुले बक्षीस घ्यायला, आयाबाया त्यांचे कौतुक पाहायला आल्या होत्या.

तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ आहे. मंडपाला कृत्रिम धाग्याचे कापड वा दोर वापरू नये, छताची उंची ३ मीटरहून कमी नसावी, मंडप विजेच्या तारांखाली घालू नये, ही त्यामागची साधी शिकवण आहे. बाहेर पडण्याचे किमान दोन मार्ग असावेत आणि तेथे खुर्च्या, चपलांचा ढीग वा पुस्तकांचा स्टॉल लावू नये. स्वयंपाकाची चूल मंडपापासून लांब असावी. वाळूच्या बादल्या, पाण्याचे पिंप व अग्निशामक नळकांडी हाताशी ठेवावीत.

वीज खांबावरून आकडा टाकून घेऊ नये. ती चोरी आहे आणि आगीला आमंत्रणही. वीज कंपनीकडून तात्पुरती जोडणी घ्यावी, वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून अर्थिंग तपासून घ्यावे. उंच व्यासपीठ किंवा कमान असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घ्यावा. मंडपवाल्याला काम देतानाच या गोष्टी करारात लिहाव्यात.

ध्वनिक्षेपक आणि ऊन

ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची वेगळी लेखी परवानगी लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून १५ पर्यंत दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. आपली तारीख त्या दिवसांत आहे का, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात पाहावे; नुसते गृहीत धरू नये. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परीक्षेचा अभ्यास करणारी मुले आपल्याच वस्तीत राहतात, हे ध्यानात घेतले तर ही मर्यादा जाचक वाटणार नाही.

आपले मोठे कार्यक्रम एप्रिल-मे महिन्यांत येतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. व्यासपीठावर छत होते, समोरच्या जनसमुदायावर नव्हते. म्हणून नकाशा काढताना आधी श्रोत्यांची सावली, पिण्याचे पाणी व प्रथमोपचाराची जागा ठरवावी आणि मग व्यासपीठाची सजावट.

शेवटी एक सूचना. कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी दोन कार्यकर्त्यांवर केवळ परवानग्यांचे काम सोपवावे. त्यांतील एक विद्यार्थी असावा. सर्व अर्ज, पोचपावत्या, परवानग्या व अनामतीच्या पावत्या एका फायलीत लावून ती कार्यालयात जपून ठेवावी. मूळ परवानगी कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात असावी. आज अर्ज लिहायला शिकलेला विद्यार्थी उद्या वस्तीच्या नळासाठी, शाळेसाठी आणि दवाखान्यासाठीही अर्ज लिहील. मंडप दोन दिवसांत उतरतो. हे शिक्षण मात्र संस्थेजवळ राहते.