मोठ्या मापाचे सायकलिंगचे कपडे : घेणाऱ्याने काय पाहावे, विकणाऱ्याने काय ठेवावे

पुणे, नाशिक, मुंबई या शहरांत पहाटे रस्त्यावर नजर टाकली तर अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेले सायकलस्वार दिसतात. त्यात सगळीच काही सडपातळ पोरे नसतात. चाळिशी-पन्नाशीचे दुकानदार, कारखानदार, नोकरदारही असतात. कुणाला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले असते, कुणाला साखरेचा त्रास असतो. असा माणूस कपडे घ्यायला गेला की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, "तुमच्या मापाचे येत नाही." मग तो घरातली सैल सुती हाफपँट घालून निघतो, मांड्या सोलून घरी परततो आणि थोड्याच दिवसांत सायकल जिन्याखाली जाऊन पडते. यात गिऱ्हाइकाची तब्येतही जाते आणि आपला धंदाही. म्हणून या मालाची थोडी ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

कपडा कोणता?

सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. ओला कपडा कातडीवर घासला की जखम ठरलेलीच. जाड माणसाच्या मांड्या एकमेकींना घासतात, त्यामुळे त्याला हा त्रास दुप्पट. म्हणून चड्डीसाठी नायलॉन सुमारे ८० टक्के आणि लायक्रा सुमारे २० टक्के असा विणलेला होजियरी कपडा वापरतात, आणि वरच्या जर्सीसाठी हलके पॉलिएस्टर. लायक्रा हे त्या ताणणाऱ्या धाग्याचे व्यापारी नाव आहे. १९५८ साली अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने तो धागा तयार केला. आपल्या बाजारात ताणणाऱ्या प्रत्येक कपड्याला लायक्रा म्हणतात. तेव्हा माल घेताना टक्केवारी विचारावी आणि कपडा उभा-आडवा दोन्हीकडे ताणून पाहावा. सोडल्यावर तो लगेच मूळ जागी आला पाहिजे. ताणून उजेडापुढे धरल्यावर हात आरपार दिसत असेल तर तो कपडा मोठ्या मापासाठी घेऊ नये. वाकल्यावर माणसाची अब्रू जाते.

मोठे माप म्हणजे फुगवलेले छोटे माप नव्हे

खरी गफलत येथे होते. कारखानदार मध्यम मापाचा नमुना घेतो आणि सगळीकडून सारखा वाढवतो. पण पोट सुटलेल्या माणसाचे हात काही लांब झालेले नसतात, खांदेही तेवढे रुंद होत नाहीत. परिणाम असा की खांदा ओघळतो, बाही फडफडते आणि पोटावर चेन तरीही ताणली जाते. कटिंग करणाऱ्या कारागिराने पोट, कंबर, सीट आणि मांडी येथे जास्त कपडा सोडावा. बाही आणि गळा बेताचाच वाढवावा.

दुसरी गोष्ट, हा कपडा उभ्या माणसाचा नाही, हँडलवर वाकलेल्या माणसाचा आहे. वाकल्यावर पाठ लांबते आणि पुढचा भाग गोळा होतो. म्हणून जर्सी मागे लांब आणि पुढे आखूड असते. गिऱ्हाइकाला कपडा घालून वाकायला सांगावे आणि मगच निवाडा करावा.

चड्डीत चार गोष्टी तपासाव्या

कंबर : अरुंद इलॅस्टिक वाकल्यावर पोटाखाली रुतते. मोठ्या पोटाला खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट बरी. उभे राहिल्यावर पट्टे किंचित ओढले जातात. वाकल्यावर ते सैल झाले तर माप बरोबर समजावे.

मांडीची पट्टी : चार बोटे रुंद, मऊ पट्टी घ्यावी. बारीक इलॅस्टिकने मांडी आवळली जाते. लांबी थोडी जास्तच असावी, म्हणजे घासणारी जागा झाकली जाते.

शिलाई : मांडीच्या आतल्या बाजूला जाड ओव्हरलॉकची शिलाई नको. सपाट बसणारी फ्लॅटलॉक हवी.

पॅड : वजनदार माणसाला जाड गादी हवी असा समज आहे. जाड पण भुसभुशीत फोम वजनाखाली चेपतो आणि गोळा होतो. फोम घट्ट असावा आणि बैठकीची दोन्ही हाडे त्यावर नीट टेकावीत. स्त्रियांच्या पॅडचा आकार वेगळा असतो. पॅडच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे. २०० किलोमीटरची बीआरएम स्वारी साडेतेरा तासांत पुरी करायची असते. तेवढ्या वेळात आतली एक शिवणसुद्धा कातडी कापते.

घट्ट कपड्यात बाहेर पडायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी पॅडची चड्डी आत आणि गुडघ्याखाली जाणारी हलकी, ताणणारी पँट वर, असा जोड ठेवावा. मात्र पायाकडे ती पँट निमुळती हवी, नाहीतर चेनमध्ये अडकते.

दुकानदार आणि कारागिरांसाठी

लेबलावरच्या एक्सएल, डबल एक्सएलवर विसंबू नये. इटलीच्या मालाचे माप बहुधा आवळ असते आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. दुकानात छाती, पोट, सीट आणि मांडी यांचा इंचांतला तक्ता लावावा आणि टेप हाताशी ठेवावा. माप घेताना आकडा मोठ्याने ओरडून सांगू नये.

तयार माल नसेल तर शिवून देता येतो. होजियरीला गोल टोकाची सुई आणि ताणणारा दोरा लागतो. साधा दोरा पहिल्याच बैठकीत तुटतो. ज्या कारागिराकडे ओव्हरलॉक आणि फ्लॅटलॉक मशीन आहे, त्याला हे काम नवे नाही.

विकताना धुण्याची रीतही सांगावी : प्रत्येक स्वारीनंतर थंड पाण्यात धुणे, ब्लीच आणि सॉफ्टनर नाही, पिळणे नाही, सावलीत वाळवणे, इस्त्री अजिबात नाही. उष्णतेने लायक्रा मरतो आणि मग गिऱ्हाईक मालाला दोष देते.

सडपातळ माणसाला कुठल्याही दुकानात कपडा मिळतो, म्हणून तो दहा दुकाने फिरतो. ज्याला सगळीकडून नकार मिळाला, त्याला एकदा अंगाबरोबर कपडा दिला तर तो पुन्हा आपल्याकडेच येतो आणि येताना आपल्यासारखे दोघे घेऊन येतो.