दुसरा बाण

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात गेला की घरची माणसे रुग्णाला म्हणतात, "मन घट्ट कर." परंतु मन खचले की वेदना, धाप, थकवा अधिक जाणवतो. उलट, वेदना थांबली नाही तर मनही खचते. तथागतांनी सल्लत्त सुत्तात शरीराचा आणि मनाचा असे दोन बाण सांगितले. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनीही शरीर, मन व घरची चिंता यांची मिळून एकच वेदना मानली.

बंधू-भगिनींनो, हा रुग्णाचा दुबळेपणा नव्हे. डॉक्टरांना दुखण्याबरोबर त्याची भीती, रडणे, अबोलाही सांगा. वेदनेवर मॉर्फिन आहे, उदासीवरही उपचार आहेत. आणि रुग्णाजवळ बसून त्याचे ऐका.