प्रतीक्षा यादीतील शिष्य

श्रावण सरून भाद्रपद लागला की आमच्या चिकित्सालयात दरवर्षी एक निराळाच रुग्णवर्ग दिसू लागतो. पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे आईवडील अनिद्रा, अम्लपित्त, शिरःशूल अशा तक्रारी घेऊन येतात. आहारविहाराची चौकशी करता करता हेतू हाती लागत नाही. आणि अखेरीस घरातील मुलामुलींविषयी विचारले की व्याधीचे मूळ सापडते. अपत्य 'नीट' परीक्षेत पात्र ठरलेले असते, गुणवत्ता यादीत नावही असते, परंतु प्रवेशाच्या फेरीत नंबर लागलेला नसतो.

गतवर्षी आर्वी तालुक्यातील एक शेतकरी दांपत्य असेच आले. बाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोराचा नंबर लागला नाही अन् माझा डोळा लागत नाही." त्यांचे यजमान गप्प होते. नंतर बाईंना बाहेर बसवून ते हळूच म्हणाले, "एक माणूस म्हणतो, यादीतला नंबर वर आणून देतो. दोन एकर विकावे लागतील. तुम्ही या लायनीतले, म्हणून विचारतो."

या प्रश्नाचे उत्तर देणे हे आपणा वैद्यांचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे. गावोगावच्या पालकांना या क्षेत्रातील ओळखीचा माणूस म्हणजे आपणच. म्हणूनच प्रतीक्षा यादी म्हणजे काय, ती कशाने हलते आणि प्रवेशाची संधी प्रामाणिकपणे कशी वाढविता येते, याचा विचार येथे मांडीत आहोत.

यादी कशाने हलते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रतीक्षा यादी हा विद्यार्थ्याच्या योग्यतेवरचा निवाडा नव्हे. ती एक रांग आहे, आणि रांग पुढे सरकते ती मागच्याच्या धडपडीने नव्हे, तर पुढच्याच्या निघून जाण्याने. पूर्वी महाविद्यालयाच्या फलकावर क्रमांकवार प्रतीक्षा यादी लागत असे. आज राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेत तशी यादी नसते. गुणवत्ता क्रमांक आणि एकामागून एक फेऱ्या असतात. ज्याचा क्रमांक अद्याप आलेला नाही तो प्रतीक्षेत, एवढाच त्याचा अर्थ.

बी.ए.एम.एस.ची रांग तर इतर रांगांवर अवलंबून आहे. एकाच विद्यार्थ्याचे नाव केंद्रीय आणि राज्य अशा दोन्ही प्रक्रियांत असू शकते. एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या फेऱ्या आटोपल्या की आयुर्वेदाच्या जागा धरून बसलेले काहीजण तिकडे जातात आणि त्यांच्या जागा मोकळ्या होतात. म्हणून आयुर्वेदाची यादी उशिरा हलते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर निराश होऊन घरी बसणारा विद्यार्थी नेमका यादी हलण्याच्या वेळी अनुपस्थित असतो.

हे आम्ही अनुभवाने सांगतो. २००१ साली आम्ही स्वतः प्रतीक्षा यादीत होतो. एका महाविद्यालयात रिक्त जागा भरण्यासाठी उपस्थित विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे बोलावण्यात आले होते. 'आपला नंबर कुठला यायला' असे म्हणून आम्ही गावी सोयाबीनच्या निंदणाला राहिलो. आमच्या पुढचे दोघे आले नाहीत, आणि आमच्या मागचा एकजण हजर होता. जागा त्याला मिळाली. दोष कोणाचाही नव्हता, आमचाच होता. पुढे महिनाभराने घरापासून बऱ्याच दूरच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पण तो महिना आमच्या वडिलांनी कसा काढला हे आम्ही आज बाप झाल्यावर जाणतो.

यादीची कसोटी कोणती?

आपल्या जिल्ह्यातच याचे एक बोलके उदाहरण आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. दीर्घकाळ या संस्थेची प्रवेश परीक्षा स्वतंत्र होती आणि तीत गांधीविचारावरील एक प्रश्नपत्रिका असे. जीवशास्त्रात पारंगत असलेला विद्यार्थीही ती प्रश्नपत्रिका टाळू शकत नसे. कसोटी काय आहे हे आधीच ठाऊक असल्याने तयारीही त्या दिशेने करता येई. 'नीट' आल्यावर ही स्वतंत्र परीक्षा राहिली नाही.

परदेशी गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांकडून आणखी एक प्रकार कानी येतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत प्रतीक्षा यादीतील विद्यार्थ्याने 'आपल्याच संस्थेत यावयाचे आहे' असे पत्र लिहिण्याची आणि दरम्यानची प्रगती कळविण्याची रीत आहे. तेथे निवड माणसे करतात, म्हणून पत्राला अर्थ आहे. आपल्या केंद्रीभूत प्रक्रियेत निवड गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि विद्यार्थ्याने भरलेला प्राधान्यक्रम यांवरून होते. येथे शिफारसपत्र, संचालकांची भेट वा पुढाऱ्याचा दूरध्वनी यांपैकी कशानेही क्रमांक सरकत नाही. जी कसोटी आहे तिच्यावरच श्रम केले पाहिजेत.

संधी वाढविण्याचे उपाय

पहिला उपाय कागदपत्रांचा. अनेक विद्यार्थ्यांची संधी गुणांअभावी नव्हे, तर एका दाखल्याअभावी हुकते. अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र ही वेळेवर हाती असली पाहिजेत. यांपैकी जात वैधतेला सर्वाधिक काळ लागतो. त्यासाठीचा अर्ज विद्यार्थी अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे गेला पाहिजे. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्याचे काम निकाल लागल्यावर सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदतही तपासून घ्यावी. मुदत उलटलेला कागद हा नसलेल्या कागदासारखाच असतो.

दुसरा उपाय योग्य दार ठोठावण्याचा. वर्ध्याच्या पालकांची येथेच मोठी फसगत होते. सालोड (हिरापूर) येथील महात्मा गांधी आयुर्वेद महाविद्यालय हे आपल्या जिल्ह्यातील असले तरी ते अभिमत विद्यापीठाचे आहे. अभिमत विद्यापीठांतील आयुर्वेदाच्या जागा राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जात नाहीत. त्या आयुष मंत्रालयाच्या केंद्रीय समुपदेशन समितीमार्फत भरतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय कोट्याच्या जागाही याच समितीकडे आहेत. उर्वरित ८५ टक्के जागा राज्याकडे असतात. नागपूरचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय किंवा अमरावती व यवतमाळ येथील अनुदानित महाविद्यालये डोळ्यांसमोर असणाऱ्याने दोन्ही दारे ठोठावली पाहिजेत. राज्याच्या अर्जातही एम.बी.बी.एस. व बी.डी.एस. यांचा गट निराळा आणि आयुर्वेदादी आयुष अभ्यासक्रमांचा निराळा असतो. एका गटाचा प्राधान्यक्रम भरला म्हणजे दुसऱ्याचा भरला गेला असे होत नाही.

तिसरा उपाय प्राधान्यक्रमाचा. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेनुसार उपलब्ध असलेली पहिली जागा देतो. म्हणून क्रम आवडीचा असावा, अंदाजाचा नसावा. 'ते मिळणारच नाही' म्हणून आवडीचे महाविद्यालय खाली टाकणाऱ्याचे नुकसान होते, आणि मानापायी तीन-चारच नावे भरणाऱ्याचेही होते. मात्र जेथे खरोखर जावयाचे नाही, त्या महाविद्यालयाचे नाव लिहू नये. जागा मिळाल्यावर समाधानी असल्याचे लिहून दिले की पुढील फेऱ्यांतून नाव जाते. तसे लिहून न देता पुढील फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली, तर पहिली जागा आपोआप सुटते. या दोन वाक्यांतील भेद न कळल्याने रडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. कोणत्या फेरीनंतर जागा सोडता येते आणि कोणत्या फेरीनंतर सोडल्यास पुढील प्रक्रियेतून बाद व्हावे लागते, हे त्या त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी.

चौथा उपाय जुने हिशेब सोडण्याचा. विदर्भाच्या विद्यार्थ्यांस विदर्भात ७० टक्के जागा राखीव, या समजुतीवर आजही अनेक पालक गतवर्षांचे आकडे जुळवितात. वैद्यकीय प्रवेशातील ही ७०:३० ची प्रादेशिक पद्धत २०२० सालीच रद्द झाली. त्यापूर्वीच्या शेवटच्या क्रमांकांवरून आजचा अंदाज बांधू नये.

पाचवा उपाय शुल्काचा विचार आधी करण्याचा. फेरीच्या दिवशी पैशांची जुळवाजुळव करणे अशक्य होते. ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे की जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ झाले आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांस आहे; खाजगी अभिमत विद्यापीठांस ती लागू नाही.

आणि एवढे करूनही जागा न मिळाली तर? पुन्हा परीक्षा देणे हा मार्ग आहेच, परंतु तो रागाच्या भरात घेऊ नये. 'नीट'च्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. आपले गुण कोठे गेले हे उत्तरपत्रिका समोर ठेवून पाहावे. चुकीच्या उत्तरांचे वजा गुण अधिक असतील तर दोष सुधारण्याजोगा आहे. सर्वच विषयांत मोठी तूट असेल आणि अभ्यासाचा कंटाळा आला असेल, तर आणखी एक वर्ष हा उपचार नव्हे, अपचार ठरेल.

'नंबर वर आणणारा माणूस'

आता त्या दोन एकरांविषयी. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने देणगी शुल्क घेण्यास बंदी आहे, आणि २०१५ च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित संस्थांचे प्रवेश व शुल्क यांवर नियामक प्राधिकरणे नेमली आहेत. संस्था स्तरावरील जागाही 'नीट'च्या पात्रतेशिवाय भरता येत नाहीत. गुणवत्ता क्रमांक बदलणे कोणाही मध्यस्थाच्या हाती नाही. जो तसे सांगतो तो यादी आपोआप हलण्याची वाट पाहतो. हलली तर श्रेय व पैसे घेतो, न हलली तर दिसेनासा होतो. आम्ही त्या गृहस्थांना एवढेच विचारले, "तो जे करणार म्हणतो, ते तो कागदावर लिहून देईल काय?" ते घरी गेले, विचारून आले आणि म्हणाले, "नाही देत."

त्या मुलाचे कागद आम्ही टेबलावर मांडले. केंद्रीय नोंदणी त्याने केलीच नव्हती आणि तिची मुदत संपली होती. जात वैधतेचा अर्ज प्रलंबित होता. प्राधान्यक्रमात पाचच नावे होती. मुलाने वैधतेचा पाठपुरावा केला, पुढील फेरीत प्राधान्यक्रम नव्याने भरला आणि प्रत्येक सूचना स्वतः पाहू लागला. रिक्त जागांच्या फेरीत त्याला शेजारच्या जिल्ह्यात बी.ए.एम.एस.ची जागा मिळाली. शेत शाबूत राहिले.

प्रवेशानंतरची प्रतीक्षा

परंतु आम्हांस खरी काळजी वाटली ती नंतर. पेढे घेऊन आलेला तो मुलगा म्हणाला, "एम.बी.बी.एस. नाही तर नाही, आयुर्वेद तर आयुर्वेद." हे वाक्य आपल्यापैकी कितीकांनी उच्चारले असेल! आम्हीही उच्चारले आहे. जागा मिळाली तरी मन प्रतीक्षा यादीतच राहते. साडेचार वर्षे अभ्यासक्रमाची आणि एक वर्ष आंतरवासितेचे, असा सारा काळ दुसऱ्या कोणाच्या जागेकडे पाहण्यात जातो. मग संहिता परीक्षेपुरत्या वाचल्या जातात, आणि नाडीवर हात ठेवताना मनात विश्वास नसतो. याची किंमत पुढे रुग्ण मोजतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायाचा क्रम या ठिकाणी चिंतनीय आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची करावी; आणि त्यापुढे आचार्याने शिष्याची परीक्षा करावी असे तेथे सांगितले आहे. म्हणजे निवडीचा पहिला अधिकार शिष्याचा आहे. आपण हा क्रम उलटा केला. यंत्राने निवडावे आणि मुलाने निमूट जावे, एवढेच उरले. म्हणून प्रतीक्षेचे ते दोन महिने रिकामे जाऊ देऊ नयेत. विद्यार्थ्याने यादीतील महाविद्यालये प्रत्यक्ष पाहावीत. रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागात खरोखर रुग्ण असतात काय, अंतर्रुग्ण कक्षातील खाटांवर माणसे आहेत काय, पंचकर्म विभाग चालतो काय, शिक्षक जागेवर भेटतात काय, त्या वर्षाची मान्यता आहे काय, हे पाहून यावे. आणि आठ-दहा दिवस एखाद्या वैद्याच्या चिकित्सालयात नुसते बसावे.

त्या मुलाला आम्ही तसेच बसविले. चौथ्या दिवशी त्याने विचारले, "सर, दोघांचाही आमवातच, मग औषध वेगळे का दिले?" आम्हांस समाधान वाटले. तो प्रश्न 'आयुर्वेद तर आयुर्वेद' म्हणणाऱ्याचा नव्हता.

आपल्या परिषदेच्या सभासदांना आमची नम्र विनंती आहे. येत्या हंगामात असे एखादे कुटुंब आपल्या दारी आले, तर औषधाबरोबर अर्धा तास त्यांच्या कागदांना द्यावा, मध्यस्थापासून त्यांना परावृत्त करावे आणि मुलाला एक खुर्ची द्यावी. आपलाही कधीतरी नंबर लागायचा राहिला होता, याचे स्मरण ठेवले म्हणजे पुरे.