बुट्टींचा दगडी वाडा

जुन्या वास्तूंच्या नव्या उपयोगांवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा आधी आठवल्या त्या हॉटेलं झालेल्या हवेल्या आणि पागेसकट घोडेस्वारीची केंद्रं झालेली गावाबाहेरची जुनी घरं. तरीही मी शिर्डी निवडली. इथे रोज हजारो माणसं एका वाड्यात शिरतात, माथा टेकतात आणि बाहेर पडतात. आपण वाड्यात जाऊन आलो, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

साईबाबांच्या हयातीत शिर्डीत तीन वाडे उभे राहिले. गुरुस्थानच्या निंबाजवळचा साठे वाडा आता नाही. मुंबईचे सॉलिसिटर काकासाहेब दीक्षित यांनी डिसेंबर 1910मध्ये आपल्या वाड्याचा पाया घातला आणि पुढच्या रामनवमीला गृहप्रवेश केला. तिसरा वाडा नागपूरचे श्रीमंत गोपाळराव उर्फ बापूसाहेब बुट्टी यांचा. लोक त्याला ‘दगडी वाडा’ म्हणत. आजचं समाधी मंदिर ते हेच.

या वाड्याच्या कथेत मला सर्वांत ओढ लागली ती माधवराव देशपांडे, म्हणजे शामा यांची. शिर्डीच्या शाळेतला हा मास्तर. वाडा बांध, देऊळही असू दे, असं बाबांनी सांगितल्याचं स्वप्न बुट्टींना आणि शामांना एकाच रात्री पडलं, असं दाभोलकरांच्या ‘श्री साईसच्चरिता’त आहे. तळघर, तळमजला आणि विहीर यांचं काम शामांच्या देखरेखीखाली झालं; पुढे बापूसाहेब जोगांनी लक्ष घातलं. लेंडी बागेकडे जाता-येता बाबा थांबत, इथे दार घ्या, इथे खिडकी ठेवा, असं सुचवत. मधल्या मोकळ्या जागेत मुरलीधराची मूर्ती बसवावी, हा बुट्टींचा विचार शामांनीच बाबांपुढे मांडला. होकार मिळताच नारळ फुटला.

मुरलीधर आलाच नाही. 15 ऑक्टोबर 1918ला, विजयादशमीच्या दुपारी बाबांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी आपल्याला वाड्यात न्यायला सांगितलं होतं. दफन मोकळ्या जागेत करावं की वाड्यात, यावर गावात मतभेद झाले. कोपरगावहून मामलेदार आले, सह्या घेतल्या, वाड्याच्या बाजूने दुप्पट कौल पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुरलीधरासाठी राखलेल्या गाभाऱ्यात बाबांना ठेवलं गेलं. इतर वास्तूंचा उपयोग बदलतो तेव्हा आधी नकाशे होतात, खर्चाचे अंदाज होतात. इथे सारं दोन दिवसांच्या आतच ठरलं. बुट्टींनी हौसेने बांधलेलं घर गावाचं झालं, आणि मुरलीधरासाठी योजलेली मधली मोकळी जागा त्याचं केंद्र ठरली.

पुढची अनेक वर्षं समाधीशी बाबांची तसबीर असे. मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती 7 ऑक्टोबर 1954ला बसली आणि वाड्याचं मंदिर होणं पुरं झालं.

अडचणी तिथून पुढच्या. एका घरासाठी योजलेल्या दारांमधून लोकांचा लोंढा जाऊ लागला की रेलिंग येतात, सुरक्षा येते, भिंतींवर नवे थर चढतात. गर्दी धरायला दहा हजारांवर भाविकांना बसता येईल असं नवं दर्शन रांग संकुल बांधावं लागलं. ऑक्टोबर 2023मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याची गरज होतीच. उन्हातान्हात लेकरं घेऊन उभ्या राहिलेल्यांना सावली मिळाली, याचा आनंदच आहे. पण रांग जितकी लांबली तितका वाडा नजरेआड गेला.

चावडीच्या मिरवणुकीत सजून उभा राहणारा बाबांचा श्यामकर्ण घोडा गावाने विसरू दिला नाही; बाबा राहत त्या द्वारकामाई मशिदीच्या सभामंडपात त्याची मूर्ती आहे. मूर्तीपुढे थांबून आईबाप मुलांना त्याची गोष्ट सांगतात. वाड्याच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही. साठे वाडा गेला, तेव्हा निंबाभोवतीच्या त्या पहिल्या वस्तीची खूणही गेली. दीक्षित वाड्यात निदान संग्रहालय तरी आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. रांगेत लोक तासन् तास उभे असतात, तिथेच या घराचा आराखडा लावा: तळघर कुठे, विहीर कुठे, मुरलीधराची जागा कोणती. पुढे दुरुस्ती होईल तेव्हा जुना दगड झाकण्याआधी त्याची नोंद करा. एका माणसाने स्वतःसाठी बांधलेलं घर सगळ्यांचं कसं झालं, हे कळलं तर भक्ती उणी होणार नाही. बुट्टींनी काय दिलं आणि शामांनी काय राबून उभं केलं, ते मात्र माथा टेकणाऱ्याला उमगेल.