कुलूप शाबूत, फट जोडणीत

कर्जतच्या बाजारपेठेत दुकानदाराच्या क्यूआर कोडवर शंभर रुपये पाठवले, की ग्राहकाचा फोन, त्याची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा आणि दुकानदाराची बँक एवढ्या टप्प्यांतून तो व्यवहार जातो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयचा प्रत्येक टप्पा वेगवेगळा तपासून पक्का ठरला, तरी अख्खी साखळी पक्की आहे असं म्हणता येत नाही. याचं एक जुनं उदाहरण: १९७८ मध्ये नीडहॅम आणि श्रोडर यांनी संगणकांनी एकमेकांची ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. गॅव्हिन लो यांनी १९९५ मध्ये तिच्यातला दोष दाखवला: सांकेतिक लिपी अजिबात न फोडता, ओळख पटवण्याच्या दोन फेऱ्या एकमेकींत गुंतवून तिसराच कोणी तोतयेगिरी करू शकतो. हे लक्षात यायला सतरा वर्षं गेली!

जोडणी हाच कॅटेगरी थिअरीचा विषय. आयलेनबर्ग आणि मॅक लेन यांनी १९४५ मध्ये पाया घातलेल्या या गणिताच्या आकृत्यांत प्रक्रिया म्हणजे चौकट आणि माहिती म्हणजे रेघ. कुकडी कालव्याच्या नकाशात चारी कुठून फुटते आणि कुठे मिळते एवढंच बघावं, वळणं सोडून द्यावीत, तसं हे वाचन. अ‍ॅन ब्रॉडबेंट आणि मार्ती कार्वोनेन यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकदाच वापरायच्या किल्लीने संदेश झाकणाऱ्या ‘वन-टाइम पॅड’ची सुरक्षितता अशा आकृत्यांनीच सिद्ध केली. यादृच्छिक किल्लीची रेघ दुभंगते. एक फाटा पाठवणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. संदेशात किल्ली मिसळली जाते, आणि मिसळलेल्या मजकुराची एक प्रत चोराच्याही हाती पडते. मग नियमांनुसार आकृती पायरीपायरीने बदलत नेली, की शेवटी संदेशाची रेघ सरळ घेणाऱ्याकडे जाते आणि चोराकडे उरतो तो संदेशाशी काडीचाही संबंध नसलेला गोंधळ.

चित्र म्हणजे सिद्धता नव्हे, हा आक्षेप रास्त वाटतो. पण जॉयल आणि स्ट्रीट यांनी १९९१ मध्येच अशा आकृत्यांना काटेकोर गणिती आधार दिला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही सांकेतिक लिपी ज्यावर विसंबतात ते मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड का, हे कुठलीच आकृती सांगत नाही. खरंच सांगत नाही. ते गृहीतच राहतं. मात्र सिद्धतेत ते नेमकं कोणत्या पायरीला वापरलं, हे आकृतीत लपत नाही. शिवाय इतर यंत्रणांशी जोडल्यावरही सुरक्षितता टिकावी अशी अट घातली, तर केवळ आपापसांतल्या संपर्कावर दोघांना उत्तर आधी बांधून ठेवून नंतर उघड करता येत नाही, हा नकारही याच निबंधात आकृत्यांमधूनच निघतो. निष्कर्ष जुनाच आहे, सिद्धता मात्र बरीच आटोपशीर.